‘चूक त्याची, मग तडजोड मी का करू?’

*ताई, नमस्कार. सदर नेहमी वाचते, लिहायची वेळ आज आली. मी ऑनलाइन मार्केटप्लेसवरून एक सेकंडहँड कॅमेरा लेन्स घेतली. सेलर दुसऱ्या देशातला आहे, दुकानदार वगैरे नाही, स्वतःची जुनी लेन्स विकत होता. लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं ‘काच एकदम स्वच्छ’. लेन्स आली, दोन शूट केले, अकराव्या दिवशी उजेडाकडे तोंड करून फोटो काढले तर सगळं धुरकट. टॉर्च मारून बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस! सेलरला कळवलं तर तो म्हणतो, ‘माझ्याकडून निघाली तेव्हा ठीक होती. अकरा दिवस वापरली, आता परत?’ माझं डोकंच फिरलं. मी त्याला फ्रॉड म्हणाले, रिव्ह्यूमध्ये धुऊन काढीन म्हणाले, आतापर्यंत तीसेक मेसेज झालेत. आता प्लॅटफॉर्म विचारतोय मध्यस्थीला तयार आहात का, सेलर हो म्हणालाय, मला तीन दिवसांत उत्तर द्यायचंय. चूक त्याची आहे तर तडजोड मी का करू? आणि प्लॅटफॉर्मला कमिशन सेलरकडून मिळतं, मग त्यांचा मध्यस्थ माझ्या बाजूने कशाला बोलेल? नवरा म्हणतो इथेच साफ करून घे आणि बिल त्याला पाठव. काय करू?*
*— धुरकट*

अगं धुरकट (नाव झकास घेतलंस),

सगळ्यात आधी नवऱ्याला थांबव. लेन्स कुणालाही उघडायला देऊ नकोस, अगदी ओळखीतला चांगला कारागीर असला तरी नको. तुझ्याकडे जो काही पुरावा आहे तो त्या काचांच्या मधे बसलाय आणि एकदा का तो पुसून टाकला की मग उरतो फक्त तुझा शब्द आणि त्याचा शब्द. वर तो म्हणणार की बघा, यांनी लेन्स उघडली, आता काय झालं ते मला काय माहीत, आणि खरं सांगू का, त्याच्या जागी मी असते तर मीपण हेच म्हणाले असते. साफ करून घ्यायची असेल तर आधी त्याची लेखी संमती, मग कारागीर, मग बिल. हा क्रम उलटा झाला की ते बिल तुझ्याच गळ्यात.

आता तुझा मोठा प्रश्न. मी काही वर्षं असल्या ऑनलाइन भांडणांमध्ये मध्यस्थ म्हणून बसलेय, त्यामुळे तू पाठवलेले ते मेसेज वाचताना मला एक गोष्ट लगेच दिसली. तू ते सगळे सेलरला लिहिलेलेच नाहीयेस. तू ते कुठल्यातरी न्यायाधीशाला लिहिलेत, जो एक दिवस हे सगळं वाचेल आणि टेबलावर हातोडा आपटून म्हणेल की धुरकटबाई बरोबर, सेलर चूक. म्हणून तर प्रत्येक मेसेजमध्ये तू पहिल्यापासून सगळी कहाणी परत सांगतेस, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट परत लावतेस. आणि अडचण अशी आहे की मध्यस्थीमध्ये तो न्यायाधीश येतच नाही, तिथे येतो मध्यस्थ, आणि कोण खरं कोण खोटं हे ठरवायचा त्याला अधिकारच नसतो. त्याचं काम एवढंच की तुम्हा दोघांना मान्य होईल असं काहीतरी सापडतंय का ते बघायचं. ज्याला निकाल द्यायचा अधिकार असतो तो लवाद, ती वेगळी गोष्ट, लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग मध्यस्थ ‘माझी बाजू घेत नाही’ म्हणून चिडतात. तो कुणाचीच घेत नाही गं, घ्यायला लागला तर समोरचा उठून जाईल.

‘तडजोड मी का करू’ या वाक्यात तू असं धरून चाललीयेस की हो म्हटलं म्हणजे अर्धा हक्क सोडला. तसं नाहीये. हो म्हणणं म्हणजे बोलायला बसणं, बस. बसून पूर्ण रिफंड मागता येतो, पूर्ण रिफंडवरच मिटलेल्या केसेस मी पाहिल्यात, आणि काही जमलं नाही तर उठताही येतं.

आणि समोरचा हो म्हणालाय याची किंमत तुला कळत नाहीये असं मला वाटतं. युरोपियन युनियनने २०१६ मध्ये ऑनलाइन खरेदीच्या तक्रारींसाठी एक भलामोठा सरकारी प्लॅटफॉर्म उघडला होता, सगळ्या सदस्य देशांसाठी एकच, सगळ्या भाषांत, आणि २०२५ च्या जुलैमध्ये तो बंद करून टाकला. तक्रारी यायच्या ढिगाने, पण तक्रार पुढे सरकायला विक्रेत्याने ‘ठीक आहे, मी सहभागी होतो’ म्हणणं गरजेचं होतं आणि बहुतेक विक्रेते उत्तरच द्यायचे नाहीत, त्यामुळे फारच थोडी प्रकरणं मध्यस्थापर्यंत पोचली. एवढी सरकारं मागे उभी असून समोरच्याला टेबलापाशी आणता आलं नाही, आणि तुझा सेलर, ज्याला तू फ्रॉड म्हणालीस, तो स्वतःहून येऊन बसलाय. खरा फ्रॉड असता तर एव्हाना अकाउंट बंद करून पसार झाला असता.

आता तो कमिशनवाला प्रश्न, हा मात्र अगदी योग्य विचारलास आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक हे विचारतच नाहीत, नुसता संशय घेऊन बसतात. मध्यस्थाला पैसे कोण देतं हे सरळ विचारायचं, त्यात लाजायचं काही नाही. प्लॅटफॉर्मचा पगारी माणूस आहे की बाहेरच्या संस्थेतला? की सुरुवातीला नुसतंच सॉफ्टवेअर आहे? कारण हल्ली पहिला टप्पा बहुतेक ठिकाणी मशीनच असतं, तू फॉर्म भरतेस, समोरचा भरतो, ते पर्याय सुचवतं. यात वाईट काही नाही बरं का, ईबे (ऑनलाइन बाजार) आणि पेपल (ऑनलाइन पैसे भरायची सेवा) मिळून वर्षाला सुमारे ६ कोटी तक्रारी हाताळायचे असा आकडा नेहमी दिला जातो आणि त्यातल्या बहुतेक कुणी माणूस मधे न पडताच मिटायच्या. पण तुझी केस तसल्या साच्यात बसणारी नाही, ‘पार्सल आलंच नाही’ हे मशीनला कळतं, ‘फंगस आधीची की नंतरची’ हे नाही कळत.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मध्यस्थी फिसकटली तर पुढे निर्णय कोण देणार, आणि आपण मध्यस्थाशी जे बोललो ते त्या निर्णय देणाऱ्यापर्यंत जाणार का? चांगल्या मध्यस्थीत बोललेलं सगळं गोपनीय असतं, म्हणजे तू तिथे म्हणालीस की ‘चला, चाळीस टक्के परत दिले तरी चालेल’ आणि तरी जमलं नाही, तर उद्या निर्णय देणाऱ्या टीमने ‘ही बाई तर चाळीस टक्क्यांना तयार होती’ असं धरून चालता कामा नये. काही ठिकाणी मात्र दोन्ही कामं एकच टीम करते, आधी मिटवायचा प्रयत्न, नाही मिटलं तर तेच निकाल देणार. तसं असेल तर बोल, पण जपून बोल, आकडा पहिल्याच फटक्यात उघड करू नकोस. हे दोन प्रश्न उत्तराच्या मेसेजमध्येच विचारून टाक आणि लेखी उत्तर घे. उत्तर गोलमाल आलं तर ते मनाशी नोंदवून ठेव आणि तरीही बस, फक्त सावध बस.

आणि मध्यस्थ तुझ्या बाजूने का बोलेल, तर तो बोलणारच नाही, पण एक गोष्ट करेल जी तीस मेसेजमध्ये तुम्हा दोघांना जमली नाही. तो तुमच्याशी वेगवेगळं बोलेल. तू त्याला जे सांगशील त्यातलं ‘हे पुढे सांगा’ आणि ‘हे तुमच्यापाशीच ठेवा’ असे दोन भाग करता येतात, तसं स्पष्ट लिहायचं. माझा अनुभव असा की खरं काय ते माणूस याच वेळेला बोलतो. एकदा एक सेलर माझ्याशी दोन दिवस वाद घालत होता की माल उत्तम होता, पैसे परत देणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी एकट्याशी बोलताना हळूच म्हणाला की मॅडम, पैसे खर्च झालेत हो माझे, एकदम नाही देता येणार. झालं! तीन हप्त्यांत दिले त्याने. सगळं भांडण मालाचं चाललं होतं आणि अडचण होती खिशाची. दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे असं किती वेळा होतं ते मोजायचं मी सोडून दिलंय.

बरं आता चूक कुणाची ते बघू, कारण तू तिथेच अडकून बसलीयेस. फंगसचं असं आहे की ती दोन दिवसांत उगवत नाही, दमट अंधाऱ्या जागी बंद पडलेल्या लेन्समध्ये ती आठवड्यांनी-महिन्यांनी वाढते. जाळं पसरलेलं दिसत असेल तर अकरा दिवसांत तुझ्याकडे ते तयार झालं असण्याची शक्यता फारच कमी, आणि कुरियरच्या आदळआपटीने तर फंगस होतच नाही. म्हणजे इथपर्यंत तुझं पारडं जड आहे. पण ‘आधीपासून होती’ म्हणजे ‘त्याला माहीत होती’ असं होत नाही ना? तुला स्वतःला कळायला अकरा दिवस आणि दोन शूट लागले, तुझ्यासारख्या रोज कॅमेरा हातात धरणाऱ्या बाईला. त्याने कदाचित ती दोन वर्षं कपाटात ठेवली, समोरून बघितली, काच चकचकीत दिसली, लिहून टाकलं ‘एकदम स्वच्छ’. टॉर्च मारून बघायचं असतं हे त्याला माहीत तरी असेल का? तू त्याला फ्रॉड म्हणालीस तेव्हापासून तो लेन्सबद्दल बोलतच नाहीये, स्वतःच्या अब्रूबद्दल बोलतोय. आणि माणूस पैशावर घासाघीस करतो, अब्रूवर करत नाही.

अजून एक, त्याचं ते वाक्य, ‘अकरा दिवस वापरली, आता परत?’ ते त्याने भाषांतराच्या ॲपमधून लिहिलेलं आहे, मूळ मेसेजखाली तसं दिसतंय. मला नाही वाटत ते तू समजतेस तितकं खोचक आहे. असंही असेल की तो साधं विचारत होता, अकरा दिवस वापरलीत का, आता परत पाठवायची आहे का. ॲपने प्रश्नाचा टोमणा करून टाकला, तू टोमण्याला टोमणा दिलास, तो परत ॲपमधून त्याच्याकडे गेला तेव्हा त्याचं काय झालं असेल देव जाणे. पुढे लिहिताना छोटी वाक्यं लिही, म्हणी नकोत, उपरोध तर अजिबात नको, उपरोध कुठल्याही ॲपमधून धड पलीकडे पोचत नाही. मी तर सांगीन की लिहिलेलं एकदा त्याच्या भाषेत करून परत मराठीत उलटं करून बघ, मग कळेल आपण काय पाठवतोय ते.

ही सगळी पद्धत सुरू कशी झाली माहितीये का, ते सांगते कारण त्यात तुझ्या कामाची गोष्ट आहे. १९९९ मध्ये ईबेने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या ईथन कॅट्श यांच्या केंद्राला विचारलं की आमच्याकडच्या बायर-सेलरची भांडणं तुम्हाला मिटवता येतात का बघा. त्यांनी मध्यस्थ बसवला, आणि काही आठवड्यांत दोनशेहून जास्त भांडणं निव्वळ ईमेलवर हाताळली. सगळी मिटली असं अजिबात नाही. पण दिसलं काय, तर लोक बोलायला तयार होत होते, कारण दोघांनाही त्या बाजारात परत यायचं होतं आणि नावापुढचं रेटिंग सांभाळायचं होतं. नंतर हे काम स्क्वेअरट्रेड नावाच्या कंपनीने घेतलं, आणि त्यांनी एक साधी गोष्ट केली जी मला आजही फार हुशारीची वाटते. मोकळ्या रागाच्या पत्राऐवजी त्यांनी एक फॉर्म ठेवला, त्रास नक्की काय झाला ते निवडा, तुम्हाला काय हवंय ते निवडा. बस एवढंच. लोकांना पहिल्यांदाच ‘मला काय हवंय’ या रकान्यात काहीतरी भरावं लागलं.

आता तू तुझे तीस मेसेज परत वाच आणि त्यात तुला काय हवंय ते शोध. मी शोधलं, नाही सापडलं. ‘हे चालणार नाही’ आहे, ‘याचे परिणाम होतील’ आहे, ‘माणुसकी आहे की नाही’ आहे, पण मला लेन्स परत करून पूर्ण पैसे हवेत, की लेन्स ठेवून थोडे पैसे परत हवेत, की साफ करायचा खर्च हवाय, हे कुठेच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. समोरच्याला हो म्हणायचं असलं तरी कशाला म्हणू?

म्हणून आधी स्वतःशीच ठरव. पूर्ण परतावा घ्यायचा तर लेन्स परत पाठवावी लागणार, दुसऱ्या देशात, विमा आणि ट्रॅकिंगसकट, तो खर्च कोण करणार ते ठरवावं लागणार, कस्टमच्या कागदावर परत जाणारा माल आहे असं नीट लिहिलं नाही तर त्याला त्याच्याच लेन्सवर ड्युटी भरायची वेळ येईल आणि तो पार्सल नाकारेल, मग ती लेन्स मधेच कुठेतरी लोंबकळत राहणार. हे सगळं होऊ शकतं, होतंही, फक्त सोपं नाही एवढंच म्हणतेय. दुसरा रस्ता म्हणजे लेन्स तुझ्याकडेच राहते आणि तो काही टक्के परत देतो. हा रस्ता निवडायचा असेल तर आकडा हवेतून काढू नकोस. दोन कारागिरांकडून लेखी अंदाज घे, न उघडता, नुसतं बाहेरून बघून, की साफ करायला किती लागतील आणि साफ होईल का. कारण फंगस जास्त दिवस राहिली असेल तर ती काचेवरचं कोटिंग खाते आणि मग जाळं पुसलं तरी डाग राहतो, तो कायमचा. म्हणजे दोन आकडे झाले, सफाईचा खर्च, आणि डाग राहिलाच तर लेन्सची किंमत जेवढी उतरेल तेवढा फरक. हे दोन आकडे कागदासकट ठेवलेस ना की मध्यस्थाचं निम्मं काम तूच करून दिलंस.

आणि एक तिसरा आकडा, जो कुणालाही सांगायचा नाही, मध्यस्थालाही नाही. यापेक्षा कमी मिळत असेल तर मी उठते, तो. तो ठरवताना ‘मला किती मिळायला हवं’ असा विचार करायचा नाही, ‘बोलणी मोडली तर माझ्या हातात काय उरतं’ असा करायचा. तुझ्या हातात काय आहे? प्लॅटफॉर्मचा निकाल, जो अकरा दिवसांच्या वापरामुळे कुठेही झुकू शकतो. आणि कार्डाने भरले असशील तर चार्जबॅक, म्हणजे बँकेकडे तक्रार करून कार्डाने गेलेले पैसे परत मागणं. कोर्टाचं म्हणशील तर दुसऱ्या देशातल्या एका साध्या माणसावर जुन्या लेन्ससाठी केस, ते सोडूनच दे. (मध्यस्थीतला समझोता दुसऱ्या देशात लागू करून घ्यायला सिंगापूर करार नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २०२० पासून लागू झालेला, पण त्यातून घरगुती, वैयक्तिक वापराची ग्राहक-खरेदी मुद्दाम वगळलीये. कुणी तुला त्याचं नाव सांगून दिलासा दिला तर तो सोडून दे.)

चार्जबॅकवरून आठवलं, घड्याळ बघ! मध्यस्थी चालू आहे म्हणून बाकीच्या मुदती थांबत नाहीत, हे लक्षात न घेतल्यामुळे मी भल्याभल्यांचे पैसे बुडालेले पाहिलेत. कार्ड कंपन्यांमध्ये साधारण १२० दिवस असतात पण बँक आपली मुदत त्याआधीची लावू शकते, त्यामुळे आजच बँकेला फोन कर आणि तुझी शेवटची तारीख विचार. आणि पेपलवर उदाहरणार्थ काय होतं की पैसे भरल्यापासून १८० दिवसांत डिस्प्यूट टाकता येतो, पण टाकल्यावर २० दिवसांत तो पुढे क्लेममध्ये (म्हणजे पेपलनेच निर्णय द्यावा म्हणून) नेला नाही तर आपोआप बंद होतो आणि परत उघडत नाही, लोक इकडे गोडीगुलाबीने बोलत बसतात आणि विसाव्या दिवशी दार बंद. समोरच्याला हे माहीत असतं बरं का, ‘अजून दोन दिवस द्या, बघतो’ हे कधी कधी मुद्दामच असतं. तुझा सेलर तसला वाटत नाही, पण तारीख भिंतीवर लिहून ठेवायला काय जातंय. उलटं पण सांगते, मध्यस्थी चालू असताना चार्जबॅक टाकू नकोस. बऱ्याच ठिकाणी चार्जबॅक पडला की प्लॅटफॉर्म आपली केस लगेच बंद करतो, दोन दगडांवर पाय ठेवता येत नाहीत. मुदतीच्या आठवडाभर आधीची तारीख धर, तोवर मिटलं नाही तर मग दुसरा दगड.

रिव्ह्यूची धमकी. ही सगळ्यात वाईट चाल खेळलीस, सॉरी पण खरं बोलते. वाईट रिव्ह्यू लिहायचा हक्क तुला आहेच, खरं लिही, जरूर लिही. पण ‘पैसे दे नाहीतर रिव्ह्यू लिहीन’ हे बऱ्याच प्लॅटफॉर्मच्या नियमात बसत नाही, रेटिंग वापरून वसुली केली असं धरतात आणि तुझंच अकाउंट अडकू शकतं. तो मेसेज डिलीट करून उपयोग नाही, त्याच्याकडे आहे. म्हणून मध्यस्थापुढे तो त्याने काढायच्या आत तूच काढ. मी रागात असं लिहिलं, ते मागे घेते. माझ्यावर विश्वास ठेव, याने तू कमी होत नाहीस, उलट त्याच्या हातातला एकुलता एक पत्ता तू टेबलावर उलटा करून ठेवतेस.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतेय, तर मी स्वतः एकदा सेलर होते आणि घाण केली होती. जुना ट्रायपॉड विकला, लिहिलं ‘सगळे पाय व्यवस्थित’, आणि बायरने लिहिलं एका पायाचं लॉक घसरतंय. मी छातीठोकपणे म्हणाले शक्यच नाही! चार दिवस भांडले. मग त्याने एक व्हिडिओ पाठवला, आवाज नाही, शब्द नाही, नुसता ट्रायपॉड उभा केलेला, वर पाण्याची बाटली लटकवलेली, आणि पाय हळूहळू खाली येतोय. चाळीस सेकंद. मी बघत बसले आणि मला आठवलं की मी तो कायम हलक्या कॅमेऱ्यासाठीच वापरला होता, वजन कधी टाकलंच नव्हतं. त्याने मला खोटारडी म्हटलं असतं तर मी अजून चार दिवस भांडले असते, पैसे तर दूरच.

तर तूही तसंच कर. अंधाऱ्या खोलीत, मागून टॉर्च, लेन्स हळूहळू फिरवत एक अखंड व्हिडिओ, कट न करता, आणि त्यातच लेन्सवरचा सीरियल नंबर दिसू दे, म्हणजे ही तीच लेन्स आहे का हा वाद उगवायच्या आतच मिटला. लेन्स आली त्या दिवसापासूनचे फोटो मूळ फाइलींसकट ठेव, फोटोत तारीख असते आणि पहिल्या दिवसाच्या फोटोतही उजेडाकडे बघताना धुरकटपणा दिसत असेल तर तुझ्यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. शोधून बघ, मला वाटतं सापडेल. फाइली एडिट करू नकोस, व्हॉट्सॲपवरून फिरवून आणलेल्या तर नकोच नको, त्यात तारीख-बिरीख उडून जाते.

आणि समजा जमलं, दोघं हो म्हणालात, तर तिथे घाईने ‘थँक यू, मिटलं’ म्हणून केस बंद करू नकोस. निम्मे समझोते यानंतरच बोंबलतात. किती पैसे, कुठल्या तारखेपर्यंत, प्लॅटफॉर्ममधूनच परत येणार की कसे (बाहेरून देतो म्हणाला तर साफ नाही म्हण), ट्रान्सफरची फी कुणाची, लेन्स कुणाकडे राहणार, परत जाणार असेल तर कुरियर कोण भरणार आणि वाटेत फुटली तर कुणाचं नुकसान, पैसे आल्यावर तू काय करणार, रिव्ह्यूत काय लिहिणार किंवा नाही लिहिणार, आणि तारखेपर्यंत नाही आले तर केस परत उघडणार का. हे सगळं प्लॅटफॉर्मच्याच मेसेज बॉक्समध्ये लिहायचं आणि त्याने ‘मान्य’ लिहायचं. केस बंद करायचं बटण पैसे खात्यात आल्यावर दाबायचं, ‘पाठवलेत’ असा स्क्रीनशॉट आल्यावर नाही.

प्रत्येक भांडणाला मध्यस्थी लागू पडते असं मी म्हणत नाहीये हं. रिकामा डबा आला असता, नकली माल आला असता, सेलरचं अकाउंट कालच उघडलेलं असतं, किंवा त्याने तुला चॅट सोडून दुसरीकडे बोलायला आणि वेगळ्या खात्यात पैसे भरायला सांगितलं असतं, तर मी म्हणाले असते तडजोड गेली उडत, सरळ क्लेम टाक, बँकेला कळव, पोलिसांत दे. ज्याला फसवायचंच आहे त्याच्याशी बोलणी म्हणजे त्याला वेळ देणं. तुझ्या केसमध्ये असलं काहीच नाही. एक जुनी लेन्स आहे, एक माणूस आहे ज्याने नीट बघितलं नाही, आणि तू आहेस जिने अकरा दिवस नीट बघितलं नाही. हे शेवटचं वाक्य वाचून तू फोन आपटणार आहेस, आपट, पण मग परत उचल, कारण मध्यस्थ हा प्रश्न विचारणारच आहे आणि तेव्हा उत्तर तयार हवं. ‘साध्या उजेडात फोटो ठीक येत होते, उजेडाकडे तोंड केल्यावर कळलं’ हे खरं उत्तर आहे आणि चांगलं उत्तर आहे.

पहिला मेसेज मी लिहून देते, तुला हवा तसा बदल. ‘नमस्कार. मी मध्यस्थीला तयार आहे. मी आधी रागात तुम्हाला वाईट शब्द लिहिले आणि रिव्ह्यूची धमकी दिली, ते दोन्ही मी मागे घेते. लेन्सच्या आत फंगस आहे, व्हिडिओ जोडला आहे. तुम्हाला हे माहीत नसेल, हे मी समजू शकते. मी लेन्स उघडलेली नाही. मला दोन पर्याय चालतील. एक, लेन्स परत आणि पूर्ण रिफंड. दोन, लेन्स माझ्याकडे आणि थोडा रिफंड, त्यासाठी कारागिरांचे अंदाज परवापर्यंत पाठवते. तुम्हाला कुठला सोपा आहे ते सांगा.’ एवढंच. अकरावं वाक्य लिहायचा मोह होईल, त्यात ‘पण’ असेल, ते लिहू नकोस.

व्हिडिओ आज रात्रीच काढून घे, दिवसा खोलीत पुरेसा अंधार होत नाही. आणि काढून झाला की ती लेन्स बाकीच्या लेन्सच्या बॅगेत परत ठेवू नकोस गं, वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेव, दुसऱ्या लेन्सना लागली तर ते बिल कुठल्याच मध्यस्थाकडे घेऊन जाता येणार नाही.

— ताई